पिन 14, पिन 15

[चिमट्याचं टोक, मागे हिरवा बोर्ड]

रास्पबेरी पाय, एका बोर्डावरचा छोटा संगणक, बी प्लस मॉडेल. कडेला 40 पिना. चिमटा टेकलाय ती आठवी, तिच्या शेजारची दहावी. चिपच्या हिशेबात मात्र याच 14 आणि 15.

पिन एक, दावेदार अनेक. साधं इनपुट, साधं आउटपुट, वर सहापर्यंत पर्यायी कामं, ऑल्ट-झिरो ते ऑल्ट-फाइव्ह. या दोघींवर तर चिपमधले दोन यूएआरटी, म्हणजे एकेक बिट पाठवणारे-घेणारे भाग, हक्क सांगतात: मोठा ऑल्ट-झिरोवर, मिनी यूएआरटी ऑल्ट-फाइव्हवर. कोणाला द्यायची, ते रजिस्टरमधले, म्हणजे चिपमधल्या सेटिंगच्या कप्प्यातले, तीन बिट ठरवतात.

[स्क्रीन: डिव्हाइस ट्रीची फाइल]

आणि त्या बिटांत काय भरायचं, ते इथे, डिव्हाइस ट्रीत, म्हणजे बोर्डाचं वर्णन करणाऱ्या फाइलीत, लिहिलंय. पिन्स: 14, 15. फंक्शन: ऑल्ट-झिरो. बस, दोन ओळी. आता शेजारची हेडर फाइल बघा, नावांचे आकडे तिथे आहेत. ऑल्ट-झिरो म्हणजे 4. ऑल्ट-फाइव्ह म्हणजे 2. चिपचीच वाटणी तशी आहे! नाव बघून कोणी 0 लिहिला, तर पिन निमूट इनपुट होऊन बसते.

[जुन्या सी फाइली, भराभर सरकताना]

पूर्वी हे सगळं कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या आत, दर बोर्डाची वेगळी सी फाइल. 2011 मध्ये एआरएम जातीच्या चिपांच्या या पसाऱ्यावर लिनक्सचे निर्माते लिनस टोरवाल्ड्स जाहीरपणे भडकले. मग स्पार्क आणि पॉवरपीसी या दुसऱ्या जातींच्या चिपांवर आधीपासून रुळलेली डिव्हाइस ट्री इकडे आली. लिनस वालेई यांची, पिना वाटून देणारी पिनकंट्रोल यंत्रणा जानेवारी 2012 च्या 3.2 कर्नलमध्ये आली.

[बीगलबोन, मग तिची फाइल]

बीगलबोन, असाच दुसरा छोटा बोर्ड. इथला ड्रायव्हर पिनकंट्रोल-सिंगल. त्याला चिपची काहीच माहिती नसते. ट्रीमधून पत्ता घ्यायचा, आकडा भरायचा. पत्ता 0x170, आकडा 0x30. सांगा, काय कळलं? तीच ओळ आता नावांनी वाचा: यूएआरटी-झिरोची आरएक्सडी, म्हणजे डेटा घेणारी पिन, इनपुट, पुलअप (मोकळी असताना पिन वरच्या पातळीला धरणं), मोड झिरो. बायनरीत दोन्हींचं रूप एकच. पण रात्री दोन वाजता ही फाइल यंत्र वाचत नाही, माणूस वाचतो.

आकडा चुकला, तर कन्सोल, म्हणजे बोर्डाचे संदेश दाखवणारा पडदा, गप्प. बोर्ड चालू असतो.

[पुन्हा पाय. टर्मिनल, कर्नलची आतली स्थिती दाखवणाऱ्या डीबगएफएसमधली पिनमक्स-पिन्स फाइल]

पिन 14. मालक 20201000.सीरियल, म्हणजे तो मोठा यूएआरटी. फंक्शन ऑल्ट-झिरो. खालची ओळ, पिन 15: मालक तोच.

[वायर जोडली जाते. कन्सोलवर पहिली अक्षरं. निवेदन नाही.]