थाळीवर न उगवलेले जिवाणू

नमस्कार श्रोतेहो. तळ्यातलं निवळशंख पाणी घेतलं, तरी त्याच्या एकेका मिलिलिटरमध्ये साधारण दहा लाख जिवाणू असतात. त्यांतले जिवंत किती, हे ओळखायचं कसं?

जर्मन जीवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी 1880च्या दशकात रुळवलेली रीत सरळ आहे. पाणी थाळीतल्या पोषक थरावर, म्हणजे अगार नावाच्या जेलीवर, पसरायचं, उबवायचं आणि उगवलेले ठिपके, म्हणजे जिवाणूंच्या वसाहती, मोजायचे. 1892मध्ये हॅम्बुर्गला पटकीनं हजारो माणसं दगावली. शेजारचं आल्टोना शहर वाळूतून गाळलेलं पाणी पीत होतं, ते बरंचसं बचावलं. गाळलेल्या पाण्याच्या एका घन सेंटिमीटरमध्ये शंभराहून जास्त जिवाणू नकोत, हा कॉख यांचा दंडक त्याच काळातला.

पुढे 1970च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखालची मोजणी सुधारली. नमुन्यात अ‍ॅक्रिडिन ऑरेंज हा रंग घालायचा, 0.2 मायक्रॉन छिद्रांच्या काळ्या गाळणीतून पाणी ओढायचं आणि निळा प्रकाश सोडायचा. काळ्यावर हिरवे-नारिंगी ठिपके लखलखतात. त्यांची मोजदाद थाळीवरच्या आकड्याच्या शंभरपट, कधी त्याहूनही जास्त भरते! मग न उगवलेले सगळे मेलेलेच का? छे. अर्धपोटी राहायची सवय झालेल्यांपुढे आपण पंचपक्वान्नं वाढतो, ती त्यांना मानवत नाहीत. म्हणून पाण्यासाठी 1985मध्ये ‘आर-टू-ए’ हा बेताच्या पोषणाचा अगार आला. तरी सगळे उगवत नाहीतच.

पण रंग मेलेल्यांनाही चढतो, ही त्या मोजणीतली मेख. इथे मला 1979ची एक जपानी युक्ती फार आवडते. कोगुरे आणि सहकाऱ्यांनी ती समुद्राच्या पाण्यावर वापरली, गोड्या पाण्यालाही ती चालते. नमुन्यात थोडा यीस्टचा अर्क आणि नॅलिडिक्सिक आम्ल हे जिवाणूंवरचं औषध घालायचं. जिवंत जिवाणू अर्क खाऊन वाढतात, पण औषध डीएनएची नक्कल होऊ देत नाही, त्यामुळे त्यांना दुभंगता येत नाही. ते नुसते लांबत जातात. काही तासांनी जे लांबट दिसतात ते जिवंत. औषधाला दाद न देणारे या हिशेबातून निसटतात, तेवढी खोट धरायची.

हे नुसतं प्रयोगशाळेतलं कौतुक नाही. पटकीचा जिवाणू जिवंत असूनही थाळीवर उगवत नाही, अशा अवस्थेत जाऊ शकतो, हे अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल यांच्या गटानं 1982मध्ये दाखवलं. तेव्हा पाण्याच्या अहवालात ‘जिवाणू शून्य’ वाचलंत, तर विचारा: कोणता अगार, किती अंशांवर, किती दिवस उबवला?