कॅमेऱ्यासाठी घडवलेली वाहने

मित्रहो, पाश्चात्त्य चित्रपटांसाठी जुन्या मोटारींच्या आणि मोटारसायकलींच्या ज्या प्रतिकृती घडवल्या जातात, त्यांच्याविषयी आज मला बोलायचे आहे. प्रतिकृती म्हटले की अस्सल वस्तू परवडली नाही म्हणून केलेली नक्कल, असा आपला सर्वसाधारण समज असतो, आणि तो मला या कारागिरीवर अन्याय करणारा वाटतो. चित्रपटासाठी घडवलेली मोटार कॅमेऱ्याला दिसते तेवढ्यापुरतीच नक्कल असते. आतून ती पूर्णपणे नवे यंत्र असते, आणि मूळ मोटारीकडून कधी कोणी अपेक्षिलेच नव्हते असे काम करण्यासाठी तिची रचना केलेली असते.

सुरुवात साध्या वेषांतरापासून करू. ‘द ग्रेट एस्केप’ हा चित्रपट 1963 मध्ये प्रदर्शित झाला. त्याची कथा दुसऱ्या महायुद्धातल्या एका जर्मन युद्धबंदी छावणीत घडते, आणि त्यात स्टीव्ह मॅक्वीनचे पात्र शत्रूची मोटारसायकल पळवून काटेरी कुंपणावरून उडी घेते. काळाचा विचार करता तिथे जर्मन लष्कराची बीएमडब्ल्यू हवी होती. पण लष्करी गाड्या ओझे वाहण्यासाठी बांधलेल्या असत. बीएमडब्ल्यूच्या आर-75चे साइडकारसह वजन चारशे किलोंच्या वर जाते. म्हणून 650 सीसीची ब्रिटिश बनावटीची, युद्धानंतरच्या काळातली ट्रायम्फ टीआर-6 निवडली गेली, आणि रंग व बाह्य साज बदलून तिला जर्मन रूप देण्यात आले. जाणकाराला ती लगेच ओळखू येते, कारण जर्मन गाडीचे सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे बाहेर आलेले असतात, तर ट्रायम्फचे दोन सिलिंडर शेजारी-शेजारी उभे असतात, आणि हा फरक कोणत्याही रंगाने झाकत नाही. तरीही मला ती निवड योग्यच वाटते. कुंपणावरून झेपावणारा स्वार पडद्यावर मॅक्वीन म्हणून दिसत असला, तरी प्रत्यक्षात तो बड एकिन्स हा कसलेला शर्यतपटू होता, आणि ज्या गाडीवर त्याने आपला जीव सोपवला ती त्याच्या अंगवळणी पडलेली असणे हे इतिहासाच्या तपशिलापेक्षा महत्त्वाचे होते.

वेषांतराच्या पुढची पायरी म्हणजे संपूर्ण नवी बांधणी. ‘फेरिस ब्यूलर्स डे ऑफ’ या 1986च्या चित्रपटात लाल फेरारी 250 जीटी कॅलिफोर्निया काचेच्या गॅरेजमधून मागच्या मागे दरीत कोसळते. या प्रकारच्या अस्सल मोटारी जेमतेम शंभराच्या आसपास बनल्या होत्या, त्यामुळे अशा दृश्यासाठी त्यातली एक वापरणे हा विचारच अशक्य होता. कॅलिफोर्नियातल्या मोडेना डिझाइन या छोट्या कंपनीने पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर फायबरग्लासची काया चढवून चित्रपटासाठी मोटारी तयार करून दिल्या. अस्सल मोटारीचे मोल किती, याचा अंदाज 2008च्या एका लिलावावरून येतो: ‘द ग्रेट एस्केप’मध्येच भूमिका केलेल्या जेम्स कोबर्न यांच्या मालकीची राहिलेली अशी एक फेरारी तेव्हा एक कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली.

या कलेचा सर्वांत प्रगल्भ नमुना मात्र मला ‘नो टाइम टू डाय’ या 2021च्या बाँडपटात दिसतो. इटलीतल्या मातेरा या प्राचीन नगरीच्या दगडी, अरुंद गल्ल्यांतून अ‍ॅस्टन मार्टिन डीबी-5 भरधाव जाते, घसरते, आदळते आणि भर चौकात गोल गिरक्या घेते. ही मोटार 1963 ते 1965 या काळातली. लांबच्या प्रवासासाठी घडवलेल्या त्या देखण्या मोटारीला असा मार दिवसामागून दिवस सोसवला नसता. म्हणून खुद्द अ‍ॅस्टन मार्टिनने आठ प्रतिकृती बांधल्या. त्यांची काया कार्बन फायबरची होती, सांगाडा आणि सस्पेन्शन, म्हणजे धक्के झेलणारी यंत्रणा, नव्याने आखलेली होती, आणि इंजिन आधुनिक होते. काही गाड्यांच्या टपावर चालकासाठी वेगळी बैठक बसवली होती. खरा चालक वरून गाडी हाकत असे आणि आत बसलेल्या नटाला अभिनयाकडे लक्ष देता येई. जवळून टिपायच्या दृश्यांसाठी दोन अस्सल मोटारी होत्या. प्रेक्षकाला एकच मोटार दिसत राहावी, यासाठी या सगळ्यांचा रंग, चाके, आरसे आणि अंगावरचे ओरखडेसुद्धा एकमेकांशी जुळवावे लागतात, आणि माझ्या मते खरे कौशल्य या जुळवाजुळवीतच आहे. त्यापूर्वी 2012च्या ‘स्कायफॉल’मध्ये याच मोटारीच्या विध्वंसासाठी एक-तृतीयांश आकाराच्या प्रतिकृती त्रिमितीय छपाईने बनवल्या होत्या. ‘नो टाइम टू डाय’च्या आठ प्रतिकृतींपैकी एक 2022 मध्ये लंडनला 29 लाख पौंडांहून अधिक किमतीला लिलावात विकली गेली, म्हणजे नकलेलाही स्वतःची अस्सलता लाभली.

इथे एक खंत मांडणे मला आवश्यक वाटते. अशा वाहनांवर स्वार झालेल्या नटांची नावे जगाला ठाऊक असतात, पण घडवणाऱ्यांची क्वचितच. ‘ईझी रायडर’ या 1969च्या चित्रपटातली अमेरिकी ध्वजाच्या रंगातली मोटारसायकल आज जगभर ओळखली जाते. पोलिसांनी वापरून काढून टाकलेल्या हार्ले-डेव्हिडसन गाड्यांतून चित्रपटासाठी दोन जोड्या उभ्या राहिल्या, आणि त्यांमागे क्लिफ वॉन्स आणि बेन हार्डी हे दोन कृष्णवर्णीय कारागीर होते. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांना स्थान मिळाले नाही, आणि कित्येक वर्षे त्यांचे काम इतरांच्या नावाने ओळखले गेले. चारपैकी एक गाडी चित्रीकरणातच नष्ट झाली आणि उरलेल्या तीन चोरीला गेल्या. त्यानंतर त्या ध्वजरंगी गाडीच्या असंख्य प्रतिकृती निघाल्या. नष्ट झालेल्या गाडीच्या अवशेषांतून पुन्हा उभी केलेली म्हणून सांगितली जाणारी एक गाडी 2014 मध्ये साडेतेरा लाख डॉलरच्या बोलीला गेली, तेव्हा तिच्या अस्सलपणावरून मोठा वाद झाला. वॉन्स त्या वेळी हयात होते. 2016 मध्ये त्यांचे निधन झाले.