पाणी कुठे मुरतंय?

(जळगावात विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर आणि प्राध्यापकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

सुरुवात हिशेबाने करू. ४० टेराबाइट डेटा आज रात्री जळगावहून पुण्याला न्यायचा आहे. कसा न्याल?

मागच्या बाकावरून कुणीतरी ‘ट्रॅव्हल्स’ म्हणालं. हसू नका, उत्तर बरोबर आहे. २० टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्क पिशवीत टाकल्या, रात्री बसलात, दहा तासांत पुणे. एक बाइट म्हणजे आठ बिट धरून भागाकार केला तर वेग येतो सेकंदाला जवळजवळ ९ गिगाबिट. आपल्या बहुतेक कॉलेजांत याच्या दहाव्या हिश्श्याचीही लाइन नसेल.

रावेर-यावलकडची, केळीवाल्या घरातली मुलं इथे असतील. त्यांना यातली मेख लगेच कळेल. गाडी दिल्लीला कधी पोचली एवढ्यावर हिशेब थांबत नाही. घड कापायला, भरायला आणि तिकडे उतरवायला गेलेला वेळही धरावा लागतो. डिस्कवर सेकंदाला २०० मेगाबाइट लिहिले जातात असं धरा. दोन्ही डिस्क एकदम भरायला घेतल्या तरी २८ तास, उतरवायला पुन्हा तेवढेच. म्हणजे प्रवास दहा तासांचा आणि हमाली सव्वादोन दिवसांची.

तरी कधीकधी दुसरा इलाज नसतो. २०१९ साली कृष्णविवराचं पहिलं चित्र आपण पाहिलं. त्यासाठी एप्रिल २०१७ मध्ये जगभरच्या दुर्बिणींनी मिळून पेटाबाइट्समध्ये मोजावा एवढा डेटा गोळा केला होता. तो विमानाने गेला, डिस्कच्या खोक्यांतून. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा संपेपर्यंत अडकून पडल्या, कारण त्या काळात तिथे विमानच उतरत नाही.

पण संशोधनाचं रोजचं काम असं चालत नाही. सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या प्रयोगांचा डेटा मुंबईच्या टीआयएफआर आणि कोलकात्याच्या व्हीईसीसी या संशोधन संस्थांमध्ये येतो तो तारेवरूनच. आपल्याकडे २०१० साली मंजूर झालेलं नॅशनल नॉलेज नेटवर्क विद्यापीठं आणि संशोधन संस्था जोडतं. रस्ता आहे, चांगला रुंद आहे. मग माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ तक्रारी ‘सर, फाइल येतच नाही’ अशाच का असतात?

इथे मला आजोबा आठवतात. आम्ही मूळचे साक्री तालुक्यातले, पांझरेकाठचे. आमच्याकडची फड पद्धत शेकडो वर्षांची: नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि पाणी वाटायला पाटकरी. आजोबा पाटकरी होते. टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याने ‘पाणी आलं नाही’ म्हणून बोंब मारली की ते बंधाऱ्याकडे बघायचेही नाहीत. काठी घेऊन पाटाच्या कडेने चालत सुटायचे. एकच प्रश्न: ‘पानी कोठे मुरनं?’ बहुतेक वेळा उत्तर असायचं घुशीचं बीळ.

आता एक खरी गोष्ट. एका संस्थेत युरोपातून ५ टेराबाइट जनुकीय डेटा यायचा होता. लाइन १ गिगाबिटची. हिशेबाने ११ तासांचं काम. वेग मिळत होता १२ मेगाबिट, म्हणजे ३८ दिवस! लाइन देणाऱ्यांनी त्याच शहरातल्या सर्व्हरपर्यंत चाचणी घेतली. पूर्ण १ गिगाबिट आला. ‘दोष तुमच्या युरोपवाल्यांचा,’ म्हणाले आणि गेले.

दोन्ही आकडे खरे होते. हे कसं, ते नीट समजून घ्या. आजच्या बोलण्यातला गाभा हाच आहे.

इंटरनेटवर डेटाची ने-आण ज्या नियमांनी चालते ते टीसीपी. ते डेटाची छोटी पाकिटं करून पाठवतं आणि प्रत्येकाची पोच मागतं. पोच आली नाही की त्याची समजूत होते, वाटेत गर्दी आहे. मग ते आपला वेग एकदम खाली आणतं आणि हळूहळू पुन्हा वाढवत नेतं. ही शिस्त व्हॅन जेकबसन या अमेरिकी संशोधकाने १९८८ मध्ये मांडली. त्याआधी दोन वर्षं इंटरनेट गर्दीने अक्षरशः कोलमडत होतं, तेव्हा शिस्त गरजेचीच होती. पण वेग वाढतो पोच येईल तसा. शहरातल्या शहरात पोच एका मिलिसेकंदात येते. युरोपातून यायला दीडशे मिलिसेकंद लागतात. २२ हजारांत एक पाकीट गळत असेल, तर जवळच्या चाचणीत टीसीपी पडतं आणि कुणाच्या लक्षात येण्याआधी उठून पळू लागतं. दूरच्या वाटेवर ते उठेउठेपर्यंत पुढचं पाकीट गळलेलं असतं. जुन्या पद्धतीचं टीसीपी १० गिगाबिटच्या लाइनवर, १०० मिलिसेकंदांच्या अंतरावर एकदा पडलं तर मूळ वेगाला यायला तासाभराहून जास्त घेतं. आजची क्युबिक, बीबीआर ही वाणं पुष्कळ सावरून घेतात, पण गळती ती गळतीच.

आम्ही आजोबांसारखे निघालो. परफसोनार नावाचं मोजणीचं साधन टप्प्याटप्प्यावर बसवून गळती मोजत गेलो. बीळ सापडलं त्याच संस्थेच्या तळघरात. फायबरच्या टोकावर धूळ! या फायबरचा गाभा ९ मायक्रॉनचा, केसाहून कितीतरी बारीक. धुळीचा एक कण त्याला पुरतो. टोक पुसलं आणि डेटा दुसऱ्या दिवशी दुपारी आला. दोन महिने पत्रव्यवहार चालला होता.

दुसरं बीळ म्हणजे फायरवॉल. हजारो मोबाइलची बारीक बारीक ये-जा तपासायला ती बसवलेली असते. त्याच फाटकातून टेराबाइटचा लोंढा सोडला की ती पाकिटं टाकू लागते. भुसावळला मालगाडी प्रवाशांच्या फलाटावर घेत नाहीत, तसं डेटा पाठवायचं यंत्र कॅम्पसच्या वेशीवर वेगळं ठेवायचं आणि त्याच्यावर मोजक्याच पत्त्यांना परवानगी द्यायची. याला सायन्स डीएमझेड म्हणतात. सुरक्षावाले आधी नाही म्हणतात, त्यांची तयारी ठेवा.

फार बारीक फायली असतील तर आधी टार करून, म्हणजे सगळ्यांची मिळून एकच फाइल करून, गठ्ठा बांधा. दहा लाख फायली सुट्या पाठवणं म्हणजे केळी एकेक मोजून ट्रकमध्ये ठेवणं. आणि माल दोन्हीकडच्या काट्यावर चढवायचाच: इकडे चेकसम, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला ताळ्याचा आकडा, काढा, तिकडे काढा, जुळले तरच मूळ प्रत पुसा.

शिरपूरच्या एका मुलीने चिठ्ठी पाठवली आहे: ‘आमच्याकडे १०० मेगाबिट आहे आणि लाइट जाते. काय करावं?’ पूर्ण वेग मिळाला तर १ टेराबाइटला २२ तास. शनिवारी संध्याकाळी, लॅब रिकामी झाली की, आरसिंक हा फायली पाठवायचा प्रोग्रॅम लावा आणि अर्धवट फाइल राखून ठेवण्याचा पर्याय द्यायला विसरू नका. लाइट गेली, आली, की तोच आदेश पुन्हा द्या. जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होईल. आणि राउटर कुठे ठेवलाय ते एकदा बघून या. त्याला यूपीएस आहे का?