पांढरी सहा

ऑर्केस्ट्रा म्हटलं की मुंबईकराला गणपतीचा मांडव आठवतो. अ‍ॅकॉर्डियन, कोंगो, झगमगीत कोट घातलेला गायक. तोही ऑर्केस्ट्राच. आज मात्र आपण पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा ऑर्केस्ट्रा ऐकायला आलोय नरिमन पॉइंटच्या टोकाला, एनसीपीए या कलाकेंद्रात.

रंगमंचावर नुसता कल्लोळ. जो तो आपलंच वाजवतोय. मग ओबो हे सनईसारखं फुंकवाद्य एकच सूर धरतं, आणि सगळे गप्प होऊन त्याला आपलं वाद्य लावू लागतात. हा सूर म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी सहा. तंबोरा लावताना आपले बुवा जेवढे हट्टी, तेवढीच ही मंडळीही.

हा सूर मुंबईत जुना आहे. मेहली मेहता या पारशी व्हायोलिनवादकानं 1935 मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. पुढच्याच वर्षी त्यांना मुलगा झाला, झुबिन. पुढे ऑर्केस्ट्राचा संचालक म्हणून जग गाजवणाऱ्या या मुलाच्या कानावर पहिली सिम्फनी पडली ती याच शहरात.

पण वादक आणायचे कुठून? इथे गोवा मदतीला आला. तिथल्या चर्चच्या शाळांत पोरं नोटेशन वाचायला शिकायची, व्हायोलिन धरायची. मोठी झाली की मुंबई गाठायची, धोबीतलावच्या कुडीत पथारी टाकायची. कूड म्हणजे एकेका गावाची खानावळवजा खोली. दिवसा सिनेमाचं रेकॉर्डिंग, रात्री हॉटेलात जॅझ. संगीतकार चाल पेटीवर ऐकवायचा. ती प्रत्येक वाद्यासाठी कागदावर उतरवायचा अरेंजर. शंकर-जयकिशनच्या गाण्यांत व्हायोलिनांचा जो पूर येतो ना, त्यामागे सेबॅस्टियन डिसूझा. प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, ते अँथनी गोन्साल्विसही गोव्याचेच. श्रेयनामावलीत मात्र यांची नावं क्वचितच. मला विचाराल, तर या शहराचा खरा सिम्फनी ऑर्केस्ट्रा कित्येक वर्षं रेकॉर्डिंग स्टुडिओतच नांदत होता.

एनसीपीएचं जमशेद भाभा थिएटर 1999 मध्ये उघडलं. हॉल झाला, ऑर्केस्ट्रा नव्हता! तो आला 2006 मध्ये: सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. एनसीपीएचे तेव्हाचे अध्यक्ष खुश्रू सनटूक यांची जिद्द आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांचं संगीत दिग्दर्शन. परदेशी वादकच जास्त, ही टीका तेव्हापासून होते, आणि ती खोटी नाही. म्हणून तर याच आवारात मुलांची शाळा सुरू झाली.

2015 मध्ये या ऑर्केस्ट्रानं माहीमच्या झाकिर हुसेन यांच्याकडून तबल्यासाठी एक कॉन्सर्टो, म्हणजे एक मुख्य वाद्य आणि सोबत ऑर्केस्ट्रा अशी रचना, लिहून घेतला. नाव ‘पेशकार’. तबल्याच्या एकलवादनाची सुरुवात ज्यानं होते, तेच.

आता कॅमेरा मागच्या रांगेत नेऊया. दोन व्हायोलिनवादक, मध्ये नोटेशनचं एकच स्टँड. पानावर पेन्सिलीच्या खुणा. पान संपत आलं की आतल्या बाजूचा वादक बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, खाली घेतो, पटकन पान उलटतो. बाहेरचा वाजवतच असतो. एक कझाकस्तानातल्या अल्मातीचा असेल, एक वसईचा. पान उलटलं. दोन्ही बो पुन्हा तारेवर.