खुळखुळ्याचं बी

नमस्कार श्रोतेहो. पावसाळा सरता सरता माळावर पिवळ्या फुलांचं एक झुडूप दिसतं. शेंगा वाळल्या की आतल्या बिया सुट्या होऊन वाऱ्यावर वाजतात, म्हणून नाव खुळखुळा. लहानपणी आम्ही त्या शेंगा कानाशी वाजवत हिंडायचो. हिरवळीच्या खताचा ताग याच्याच भाऊबंदांतला.

१९७५-७६ चा सुमार. सरगुजा जिल्हा, तेव्हा मध्य प्रदेशात, आता छत्तीसगडात. तिथल्या काही खेड्यांत माणसांची पोटं पाण्यानं फुगू लागली. ६७ जण आजारी पडले, त्यातले २८ दगावले. कारण निघालं ताटातलं धान्य. हे लोक गोंदली खात, म्हणजे आपल्या वरी-सावासारखं बारीक धान्य. त्यात झुनझुनियाचं बी मिसळलेलं होतं. झुनझुनिया म्हणजे खुळखुळ्याचीच एक जात. नावसुद्धा आवाजावरूनच!

या बियांतल्या विषाला पायरोलिझिडीन अल्कलॉइड म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, त्याची चाल मात्र ऐका. पोटात जातं तेव्हा ते फारसं घातक नसतं. यकृत नेहमीप्रमाणे त्याची विल्हेवाट लावायला जातं आणि त्या खटाटोपातच जहाल पदार्थ तयार होतो. तो यकृतातल्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर जाळतो. वाहिन्या बुजतात, रक्त मागे तुंबतं आणि पोटात पाणी साठतं. म्हणजे विष बाहेरून येतच नाही म्हणा ना, घरच्याच चुलीवर शिजतं.

जमैकात हेच चहातून घडलं. तिथे रानपाल्याचा काढा, ‘बुश टी’, पोराबाळांना पाजायची रीत होती आणि त्यात खुळखुळ्याच्या जातीची पानं असायची. १९५०च्या दशकात डॉक्टरांनी या आजाराची नीट ओळख पटवली ती तिथल्या मुलांमध्ये. उकळून हे विष मरत नाही, उलट पाण्यात छान उतरतं. अफगाणिस्तानात हेरातकडे गव्हात आपल्या भुरुंडीच्या जातीचं तण मिसळलं गेलं. १९७०च्या दशकात एकदा, २००८च्या सुमारास पुन्हा. तिथले लोक त्या आजाराला ‘उंटाचं पोट’ म्हणू लागले.

आणि हे फक्त खेड्यापाड्यांतलं नाही बरं. २०१३ साली जर्मनीत दुकानातल्या हर्बल चहांतही हे अल्कलॉइड सापडलं. चहातलं कॅमोमाइलचं फूल बिचारं निर्दोष. शेतातलं तण कापणीत बरोबर आलं होतं.

पण म्हणून अंगणातली तुळस, गवती चहा उपटू नका. ते पान तुमच्या ओळखीचं आहे. माझा रोख आहे तो कुणीतरी दिलेल्या, नाव नसलेल्या काढ्याच्या सुट्या पुडीवर. ती चालू असताना डोळे पिवळे झाले, उजव्या बरगडीखाली दुखू लागलं, पोट फुगून वजन एकाएकी वाढलं, तर काढा बंद करा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. ‘काही औषधं घेता का?’ असं विचारल्यावर आपण सर्रास ‘नाही’ म्हणतो, कारण काढा आपल्या हिशेबी औषध नसतोच. जाताना ती उरलेली पुडी पिशवीत टाका.