‘आता तूच घरचा कर्ता’

श्रोतेहो, नमस्कार. वडील गेलेल्या घरात तेराव्याला जमलेली माणसं थोरल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणतात, “आता तूच घरचा कर्ता. आईला सांभाळ.” मायेनंच म्हणतात. पण समोरचा मुलगा असतो १० वर्षांचा, आणि तो हे खरं धरून चालतो.

मग तो आईसमोर रडत नाही. सहलीचे पैसे मागत नाही, पोट दुखलं तरी सांगत नाही, रात्री उठून दाराची कडी तपासतो. नातेवाईक कौतुक करतात, किती समजूतदार झालाय! इकडे वर्गात त्याचं लक्ष नसतं, झोप तुटक झालेली असते, डोकं वरचेवर दुखतं. मुलगी असेल तर धाकट्याची आंघोळ, डबा, भाकरी तिच्याकडे येते आणि अभ्यास सगळे झोपल्यावर. घरात हातभार लावणं चांगलंच, पण काम ठरलेलं आणि अर्ध्या तासात संपणारं असावं. भाडं कुठून आणायचं, सासरचे काय बोलले, या गोष्टी आईनं बहिणीपाशी, मैत्रिणीपाशी बोलाव्यात. मुलापाशी नकोत.

त्याहून लहान मुलांची गोष्ट वेगळी. मरण कायमचं असतं हे साधारण पाच वर्षांखालच्या मुलाला उमगत नाही. बाबा कधी येणार, हे ते रोज विचारतं. “बाबा झोपलेत” म्हटलं की त्याला झोपेचीच भीती बसू शकते. “गावाला गेलेत” म्हटलं की ते वाट बघत राहतं, आणि खरं कळतं तेव्हा आईच्या शब्दावरचा भरवसा जातो. सरळ सांगा: “बाबा वारले. त्यांचं शरीर बंद पडलं, ते परत येणार नाहीत. हे तुझ्यामुळे झालेलं नाही.” शेवटचं वाक्य गाळू नका. मी हट्ट केला म्हणून असं झालं, असं मुलं मनात धरून बसतात आणि कुणाला सांगत नाहीत. आईवडील वेगळे झाले तरी मुलं हेच धरून बसतात.

एकट्या पालकाचं मूल मागे पडतं, असं सरसकट बोललं जातं. अमेरिकेत सारा मॅक्लानाहन आणि गॅरी सँडेफर या समाजशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये दाखवलं की अशा मुलांच्या पिछाडीतला जवळपास निम्मा भाग कमी उत्पन्नामुळे आहे. म्हणून पैशाची सोय हीसुद्धा मुलाच्या वाढीचीच सोय. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेतून एक पालक असलेल्या पात्र मुलाला १८ वर्षांपर्यंत दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात करायचा. गृहभेट होते आणि बालकल्याण समिती मंजुरी देते. मृत्यूचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, आधार, पासबुक तयार ठेवा. कागदोपत्री नाव जुळत नसेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या.

आणि तेराव्याला जाणाऱ्या काका-मामांना एक विनंती. त्या मुलाला म्हणा, “तू शाळेत जा, खेळ. आईकडे आम्ही मोठे बघतो. मी दर शनिवारी येईन.” मग शनिवारी खरंच जा.