खोडदच्या अँटेना आणि शेजारचे क्वेसार

(ड्रोन शॉट: द्राक्षबागा, टोमॅटोची शेतं आणि मधेच आकाशाकडे तोंड करून उभी जाळीची डिश)

नारायणगाव म्हटलं की आपल्याला टोमॅटोचा बाजार आठवतो, तमाशाच्या राहुट्या आठवतात. पण तिथनं खोडदकडे वळलात की शेतात ही अशी जाळीची अवाढव्य डिश दिसते, मग आणखी एक, मग रांगच लागते. एकूण तीस अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा खोडदला एका चौरस किलोमीटरच्या आसपास दाटीवाटीनं आणि बाकीच्या सोळा तीन दिशांना लांब पसरलेल्या, टोकाच्या दोन अँटेनांमधलं अंतर २५ किलोमीटरपर्यंत जातं. हीच जीएमआरटी, म्हणजे आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी महाकाय दुर्बीण. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची कल्पना, आणि चालवते पुणे विद्यापीठाच्या आवारातली एनसीआरए ही रेडिओ खगोलशास्त्राची संस्था.

(क्लोजअप: तारांची जाळी, आरपार ढग)

ही जाळी नीट बघा. पत्रा नाहीये, स्टीलच्या बारीक तारा आहेत, दोऱ्यांनी ताणून धराव्यात तशा. रेडिओ लहरी लांब असतात ना, मीटरभर किंवा त्याहून थोड्या कमीजास्त, त्यांना ही भोकं जाणवतच नाहीत, वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका झाला आणि खर्चही आटोक्यात राहिला. मला विचाराल तर अख्ख्या प्रकल्पातली सगळ्यात हुशार गोष्ट हीच.

आता मुद्द्यावर येऊ. क्वेसार. म्हणजे एखाद्या दीर्घिकेच्या पोटात बसलेलं राक्षसी कृष्णविवर, त्याच्यात पडणारा वायू इतका तापतो की अख्खी दीर्घिका त्याच्यापुढे फिकी पडते. १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीतनं सिरिल हझार्ड आणि सहकाऱ्यांनी थ्री सी २७३ नावाचा रेडिओ स्रोत चंद्राआड जाताना पाहिला, तो कुठल्या क्षणी गायब झाला त्यावरनं त्याची नेमकी जागा काढली, आणि १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी तिथल्या ताऱ्यासारख्या ठिपक्याचा वर्णपट वाचला. ताम्रसृती, म्हणजे विश्व पसरत असल्यानं प्रकाश लालकडे किती सरकला त्याचं माप, ०.१५८. म्हणजे हा तारा नव्हेच, दोनशे कोटींहून जास्त प्रकाशवर्षं लांबचं काहीतरी! चंद्राआडची ही युक्ती स्वरूप यांनी पुढे ऊटीला वापरली, डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण बांधून, १९७० साली.

आणि गंमत बघा, इतका लांबचा हा क्वेसार खगोलवाल्यांच्या हिशेबात 'जवळचा' आहे. बहुतेक क्वेसार याच्या कितीतरी पलीकडे. याहून जवळचा म्हणजे सप्तर्षींच्या भागातला मार्केरियन २३१, साधारण ५८ कोटी प्रकाशवर्षांवर.

(शॉट: पुणे विद्यापीठाचं गेट, झाडांतला रस्ता)

या अंतरावरनं एकेकाळी भांडणं झाली होती, आणि त्यात पुणेही आलं. जयंत नारळीकर, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचे संस्थापक, त्यांना काही क्वेसारच्या ताम्रसृतीबद्दल शंका होती. कदाचित ते आपण समजतो तितके लांब नसतीलच, असं त्यांचं आणि फ्रेड हॉयल, हाल्टन आर्प यांच्यासारख्या काहींचं म्हणणं. तर दुसरीकडे स्वरूप आणि विजय कपाही यांनी ऊटीवरनं रेडिओ स्रोतांचे आकार मोजले आणि ते निष्कर्ष महास्फोटाच्या बाजूने गेले, जो सिद्धांत नारळीकर आणि हॉयल यांना मान्य नव्हता. आयुका आणि एनसीआरए एकाच आवारात, चहा प्यायला चालत जाता येईल इतक्या जवळ, असा वाद पुण्यात नाही रंगणार तर कुठे रंगणार! पुढे १९७९ मध्ये वाटेतल्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणामुळे एकाच क्वेसारची दोन चित्रं दिसली, क्वेसारच्या आजूबाजूच्या दीर्घिकाही फोटोत पकडल्या गेल्या, आणि जवळजवळ सगळ्यांनी लांबचं अंतर मान्य केलं.

(कंट्रोल रूम, स्क्रीनवर आलेख)

बरं, तेज मोजायचं कसं? एकक आहे जान्स्की, कार्ल जान्स्की यांच्या नावाचं. एक जान्स्की म्हणजे एका चौरस मीटरवर, दर हर्ट्झला, एका वॅटचा १०^२६ वा भाग, म्हणजे एकावर सव्वीस शून्यं दिली की येणाऱ्या आकड्यानं एका वॅटला भागायचं. काहीच नाही म्हणा ना. चंद्रावर कुणी साधा टू-जी फोन चालू केला, तर त्या फ्रिक्वेन्सीला तो आपल्याला थ्री सी २७३ पेक्षा जास्त तेजस्वी दिसेल, आणि थ्री सी २७३ हा काही लहानसहान नाही, १.४ गिगाहर्ट्झला पन्नास जान्स्कीच्या वर जातो. आता कळलं ना खोडदला मोबाइल बंद करा असं का सांगतात?

पण अँटेनातनं जो सिग्नल येतो तो जान्स्कीत येत नाही, नुसता आकडा असतो. भाजीवाला काट्यावर आधी माप ठेवून बघतो तसं इथे आधी ओळखीच्या स्रोताकडे तोंड वळवतात. थ्री सी ४८, थ्री सी १४७, थ्री सी २८६, यांचं तेज कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती ते आधीच ठरलेलं, त्यावरनं बाकीच्यांचं काढायचं. आणि ही तिन्ही मापं स्वतःच क्वेसार आहेत! थ्री सी २८६ तर इतका लांब की त्याच्या लहरी निघाल्या तेव्हा आपला सूर्यही जन्मला नव्हता, तरी तो १.४ गिगाहर्ट्झला जवळजवळ पंधरा जान्स्की देतो.

म्हणजे जवळचा तो तेजस्वी हे रेडिओत चालत नाही. दहापैकी जेमतेम एक क्वेसार रेडिओत दणदणीत असतो, ज्याच्यातनं प्रकाशाच्या वेगाजवळ जाणारे झोत निघतात, आणि झोत आपल्याकडे वळलेला असला तर तो असतो त्याहून जास्तच झळाळतो. बाकीचे नऊ जवळ असूनही मिली-जान्स्कीत, म्हणजे जान्स्कीच्या हजाराव्या भागात, कुजबुजतात, काही तर त्याहूनही हळू. मला या नऊमध्येच जास्त रस आहे, कारण दणदणीतवाल्यांचं गणित बरंचसं कळलंय, यांचं नाही. हा क्षीण सिग्नल येतो कुठनं? एखादा लहानसा, अडखळलेला झोत? कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीवरनं सुटणारे वारे? की नुसते नवे तारे जन्मतायत, आणि त्यांच्यातले मोठे फुटले की इलेक्ट्रॉन सैरावैरा पळतायत? मार्केरियन २३१ मध्ये तारे जोरात जन्मतायत, त्यामुळे कशाचा वाटा किती हे सोडवणं अवघडच.

इथे खोडद कामाला येतं. जीएमआरटी अपग्रेड झाल्यावर एनसीआरएच्या संशोधकांनी पालोमार-ग्रीन नावाच्या क्वेसारांच्या यादीतले २२ क्वेसार ६८५ मेगाहर्ट्झला पाहिले, निकाल २०२० मध्ये छापून आले. कमी फ्रिक्वेन्सी का? चुंबकी क्षेत्रात गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन थकले की आधी त्यांची वरची फ्रिक्वेन्सी जाते, जुनी राख खालच्या फ्रिक्वेन्सीतच दिसते. बावीसपैकी फक्त चारांत लांब पसरलेली रचना दिसली. बाकीच्यांत मधे एक गाभा आणि भोवती थोडं पसरट तेज. मग हेच तेज ५ गिगाहर्ट्झच्या जुन्या मोजणीशी लावून बघितलं, फ्रिक्वेन्सी वाढली की तेज किती झपाट्यानं उतरतं ते काढलं, आणि उत्तर एकसारखं आलं नाही. कुठे झोताचा हात वाटतो, कुठे ताऱ्यांचा, कुठे दोन्हीचा. मला यात निराश व्हायचं काही कारण दिसत नाही, एकच उत्तर आलं असतं तर उलट संशय आला असता.

(रात्रीचं आकाश, कन्या रास)

थ्री सी २७३ डोळ्यांनी बघायचा असेल तर एप्रिल-मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आत, कन्या राशीकडे बघा. तेजाची प्रत १२.९ (आकडा जितका मोठा तितका ठिपका फिका), म्हणजे आठ इंची दुर्बीण आणि चांगला नकाशा पाहिजे, आणि पुण्याच्या दिव्यांपासनं लांब जायला हवं. दिसेल तो साधा निळसर ठिपका, आजूबाजूच्या ताऱ्यांसारखाच. त्यामुळे नकाशाशिवाय जाऊ नका, नाहीतर भलत्याच ताऱ्याला क्वेसार म्हणून परत याल.